तिळगुळाच्या पाककृतीखाली मतदानाचा परिच्छेद लिहावा का?

सांबारवडी (नागपूर)

मी 2013 पासून नागपुरी आणि वऱ्हाडी स्वयंपाकावर हौसेने ब्लॉग लिहीत आहे. त्यातून एक पैसा मिळत नाही आणि मिळावा अशी अपेक्षाही नाही. गोळाभात, पाटोडी रस्सा, पुडाची वडी, उन्हाळ्यातले सरगुंडे हे पदार्थ आईच्या आणि सासूबाईंच्या हातचे जसे आठवतात तसे प्रमाणासह लिहून ठेवावेत, एवढाच त्यामागचा हेतू आहे. वाचक मोजके आहेत, परंतु त्यांतले बरेच जण अगदी सुरुवातीपासूनचे असल्यामुळे त्यांच्या घरातली लग्ने, बारशी आणि दुखणीही मला ठाऊक असतात.

यंदा संक्रांत 14 जानेवारीला होती आणि महापालिकेचे मतदान दुसऱ्याच दिवशी, 15 तारखेला होते. मी 12 तारखेला तिळाच्या वड्यांवर लिहिले. पाकाची गोळी पाण्यात टाकून ताटलीवर आपटली की टण्ण असा आवाज आला पाहिजे, इथपर्यंत सगळे नेहमीसारखे झाले. त्यानंतर मला राहवले नाही आणि मी शेवटी एक परिच्छेद जोडला. आपल्या महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, त्यानंतर जवळजवळ चार वर्षे शहर प्रशासकाच्या हाती राहिले, तेव्हा आता घरी बसू नका, असे त्यात म्हटले होते. एवढ्यावर थांबले असते तर कदाचित कोणी काही बोलले नसते. परंतु आमच्या प्रभागात प्रत्येकाला चार मते द्यायची होती, आणि त्यांतली तीन मी कोणत्या पक्षाच्या उमेदवारांना देणार व चौथे वेगळ्या पक्षाला का देणार, हेही मी कारणांसह लिहिले.

पुण्यात राहणाऱ्या एका जुन्या वाचक भगिनींनी लिहिले, "मी तुमच्याकडे पुरणासाठी येत होते, प्रचारासाठी नव्हे." त्यानंतर त्यांचे काही आले नाही. त्यांची आई गेल्यावर आईच्या पद्धतीचे पुरण त्यांना पुन्हा जमावे म्हणून आम्ही दोघींनी महिनाभर पत्रव्यवहार केला होता, त्यामुळे हे वाक्य मला फार लागले. मात्र त्याहून जास्त अवघडल्यासारखे झाले ते दुसऱ्या एका गृहस्थांमुळे. त्यांनी आनंदाने मला "आपल्यातल्या" म्हटले आणि त्या पक्षाची प्रचारचित्रे रोज पाठवायला सुरुवात केली. माझे चौथे मत त्यांनी वाचलेच नव्हते.

मला मत मांडण्याचा अधिकार आहे का, हा माझा प्रश्न नाही, कारण तो आहेच. वाचक ज्या कामासाठी आपल्या दारात आला, त्याहून वेगळे काही त्याच्या हातात ठेवणे शोभते का, हा प्रश्न आहे. आणखी एक गोष्ट मला उलगडत नाही. काही वर्षांपूर्वी मी लाखोळीच्या डाळीवर लिहिताना तिच्यावरच्या बंदीविषयी बरेच कडक मत मांडले होते आणि तेव्हा एकाही वाचकाने तक्रार केली नव्हती. ते राजकारण नव्हते का?

जुना धरमपेठकर

सांबारवडी ताई, तुमच्या प्रश्नाला मराठीत जुनी परंपरा आहे, म्हणून थोडे मागे जातो. दुर्गाबाई भागवतांनी ऋतूंवर, लोककथांवर आणि स्वयंपाकावरही लिहिले. त्याच दुर्गाबाईंनी 1975 मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला उघड विरोध केला आणि पुढे तुरुंगवासही पत्करला. पु. ल. देशपांडे यांनी 1977 च्या निवडणुकीत प्रचारसभांतून भाषणे केली, ती ऐकायला लोटणारी गर्दी पुष्कळांना अजून आठवते. निवडणूक संपल्यावर ते पुन्हा आपल्या लेखनाकडे वळले. त्यामुळे हसवणाऱ्याने हसवावे आणि रांधणाऱ्याने रांधावे, असा काही नियम आपल्याकडे कधी नव्हता.

परंतु एक बारकावा ध्यानात घ्यावा. दुर्गाबाईंनी आणीबाणीचा निषेध पळसाच्या फुलोऱ्याचे वर्णन करता करता मध्येच घुसवला नाही. त्यासाठी त्यांच्यासमोर एक व्यासपीठ होते आणि समोर बसलेल्यांना आपण काय ऐकायला आलो आहोत याची कल्पना होती. आगरकरांचे उदाहरण याहून बोलके आहे. टिळकांशी मतभेद वाढल्यावर त्यांनी 1887 मध्ये 'केसरी'चे संपादकपद सोडले आणि 1888 मध्ये 'सुधारक' काढले. एकाच पत्रात दोन सूर लावून वाचकाला गोंधळात टाकण्यापेक्षा त्यांनी स्वतंत्र पत्राचा खर्च आणि त्रास सोसला. तुम्हाला तर स्वतंत्र पान उघडायला खर्चही नाही. वड्या एका पानावर लिहा, प्रभाग दुसऱ्या पानावर लिहा आणि ज्याला जिथे जायचे असेल त्याला तिथे जाऊ द्या.

तांडापेठकर

धरमपेठकर काकांचा आदर राखून सांगतो की स्वतंत्र पानाची ही सोय दिसायला नीटनेटकी असली तरी प्रत्यक्षात ते पान कोणीही उघडणार नाही. शिवाय स्वयंपाक आणि राजकारण असे दोन वेगळे डबे असतात हे गृहीतच मला मान्य नाही, निदान नागपुरात तरी नाही.

सावजी रस्सा घ्या. त्यावर लिहिणारे शेकड्यांनी आहेत आणि सगळे जण खसखस, दगडफूल, काळी मिरी यांचे प्रमाण सांगून मोकळे होतात. हा स्वयंपाक ज्या हलबा कोष्टी समाजाचा आहे, त्या समाजाच्या घरांतले हातमाग कसे बंद पडले, हे त्यांत सहसा येत नाही. आमच्या घरी आजोबांच्या वेळेपर्यंत माग होता, आज त्या जागेवर पाण्याची टाकी आहे. आमच्या समाजाच्या जातप्रमाणपत्राचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 28 नोव्हेंबर 2000 रोजी न्यायालयाने अनुसूचित जमातींच्या यादीतल्या 'हलबा' या नोंदीत 'हलबा कोष्टी' येत नाहीत असा निकाल दिला आणि त्यानंतर कित्येक घरांतल्या नोकऱ्या व शिक्षण टांगणीला लागले. आता मी उद्या सावजीवर लिहायला बसलो आणि यातले काहीच लिहिले नाही, तर लोक म्हणतील, छान, राजकारण नाही. लिहिले, तर म्हणतील, कशाला राजकारण आणता? आमची चूल आणि आमचे प्रमाणपत्र एकाच घरात आहेत, त्याला आम्ही काय करावे?

मांसाहाराचेही तेच आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या काही महापालिकांनी स्वातंत्र्यदिनी मांसविक्री बंद ठेवण्याचे आदेश काढले. त्या आठवड्यात मटणाच्या रश्शावर लिहिणाऱ्याने तो आदेश पाहिलाच नाही असे दाखवायचे का? "राजकारण नको" म्हणणाऱ्या वाचकाला बहुधा फक्त त्याच्या ओळखीबाहेरचे राजकारण नको असते, स्वतःच्या सवयीचे त्याला राजकारण वाटतच नाही.

एक मात्र मान्य करतो. पक्षाचे नाव लिहिण्याची मला कधी गरज भासलेली नाही. तुम्ही चारही मतांचा हिशेब का मांडलात, हे मला खरोखर कळले नाही.

गच्चीवरचा माळी

मी या चर्चेत थोड्या वेगळ्या कारणाने पडत आहे. मी राज्य शासनाच्या सेवेत आहे आणि फावल्या वेळात गच्चीवरच्या बागेवर लिहितो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 यांप्रमाणे मला राजकारणात भाग घेता येत नाही आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करता येत नाही. गेल्या वर्षी, 2025 च्या जुलैमध्ये, समाजमाध्यमांसाठी स्वतंत्र शासन निर्णयही निघाला आणि त्यात वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्यापासून टीका न करण्यापर्यंत सर्व काही स्पष्ट केले आहे. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, नोकरी स्वीकारताना तो माहीत होता.

परंतु गप्प राहण्याने लेखनाचे काय होते, ते सांगतो. मे महिन्यात आमच्या वस्तीत पाणी कमी आले की माझी वांगी आणि टमाटे सुकतात. मी लिहितो, "उन्हाळ्यात आच्छादन घाला, सायंकाळी पाणी द्या, हिरवी जाळी लावा." पाणी का आले नाही, हे मी लिहीत नाही. वाचकांना वाटते की हा माणूस किती शांत, किती समतोल. प्रत्यक्षात मी समतोल नाही, मी बांधलेला आहे. वाचकांनी माझ्यासारख्या मौनाला शहाणपण समजून त्याच मापाने ताईंना मोजू नये, एवढेच मला म्हणायचे होते. ज्यांना बोलता येते त्यांच्यावर बोलण्याची सक्ती नाही, पण आमच्यासारख्यांचे मौन त्यांच्यासमोर आदर्श म्हणून ठेवले जाऊ नये.

काळा कोट

ताईंनी अधिकाराचा प्रश्न बाजूला ठेवला आहे, तरी दोन-तीन गोष्टी नोंदवतो, कारण हौशी लेखकांच्या मनात कायद्याची भीती उगाच मोठी असते आणि जिथे सावध राहायला हवे तिथे मात्र त्यांचे लक्ष नसते.

घटनेच्या 19(1)(क) या अनुच्छेदाने दिलेले अभिव्यक्तीस्वातंत्र्य पाककृती लिहिणाऱ्यालाही आहे आणि त्यावरची वाजवी बंधने 19(2) मध्ये आहेत. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली होती, हे पुष्कळांना आठवत असेल. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ ला आव्हान दिले गेले आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. "मी अमुक उमेदवाराला मत देणार आहे" असे म्हणण्यात स्वतःहून काहीही बेकायदा नाही. गुप्त मतदान हे मतदाराच्या संरक्षणासाठी आहे. आपण होऊन आपला कल आधी सांगणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी ते नाही. मतदान केंद्रातल्या यंत्राचे छायाचित्र काढून ते समाजमाध्यमांवर टाकणे ही मात्र पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे, ते कोणीही करू नये.

सावधगिरी पैशाबाबत हवी. निवडणूक आयोगाने 25 ऑक्टोबर 2013 रोजी समाजमाध्यमांविषयी सूचना काढल्या, तेव्हापासून उमेदवाराने तिथे केलेला खर्च त्याच्या निवडणूक खर्चात धरला जातो आणि पैसे देऊन केलेल्या जाहिरातीला पूर्वप्रमाणन लागते. त्या सूचना लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांसाठी होत्या, स्थानिक संस्थांची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. तत्त्व मात्र सारखेच आहे. एखादा कार्यकर्ता "ताई, तुमचे वाचक चांगले आहेत, आमच्याविषयी दोन ओळी लिहा" म्हणत साडी किंवा मानधन घेऊन आला, की त्या दोन ओळी मत राहत नाहीत, जाहिरात होतात. ताईंनी हे फुकट आणि मनापासून लिहिले आहे, त्यामुळे कायद्याच्या बाजूने मला त्यात काही दिसत नाही. शोभते की नाही, यावर माझे काही म्हणणे नाही. आमच्या घरात जेवताना राजकारण काढायला बंदी आहे आणि ती बंदी माझ्यामुळेच घालावी लागली.

नुसती वाचक

मी कुठेही काही लिहीत नाही, फक्त वाचते, आणि या चर्चेत आतापर्यंत सगळे लिहिणारेच बोलले आहेत. म्हणून त्या पुण्याच्या बाईंची बाजू मांडून पाहते. त्यांना मी ओळखत नाही, पण त्यांचे वाक्य मीही लिहिले असते.

आम्ही ताईंवर विश्वास का ठेवतो? कारण त्यांनी सांगितलेली गोळी ताटलीवर आपटली की खरोखर टण्ण वाजते. दहा वेळा वाजली, म्हणून अकराव्या वेळी आम्ही न तपासता गूळ चढवतो. हा विश्वास पाकाच्या बाबतीत ताईंनी कष्टाने मिळवलेला आहे. त्याच विश्वासाच्या बळावर त्या जेव्हा उमेदवार सुचवतात, तेव्हा पाकाच्या खात्यावरची जमा दुसऱ्याच खात्यात वळवल्यासारखे होते. पुण्यात बसलेल्या बाईंना नागपुरातल्या प्रभागातला उमेदवार कसा तपासता येणार? त्यांच्या हातात दोनच गोष्टी राहतात, ताईंवर डोळे मिटून विश्वास ठेवणे किंवा ताईंपासून दूर होणे. दूर होताना पुरणही सुटते, ते त्यांनाही नको असणार.

ताईंनी विचारलेल्या लाखोळीच्या कोड्याचे उत्तर मला इथेच सापडते. तो लेख मी वाचला आहे. धान कापण्याआधीच ओल्या बांधीत लाखोळी कशी फेकतात, ती रोजचे मुख्य अन्न म्हणून दीर्घकाळ खाल्ली तर त्यातल्या ओडॅप या विषारी घटकामुळे पाय कसे लुळे पडू शकतात, 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी का आली, नागपूरचे आहारतज्ज्ञ डॉ. शांतीलाल कोठारी त्या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे कसे लढले आणि 2008 मध्ये महाराष्ट्राने ती कशी उठवली, हे सगळे त्यात होते. 2016 मध्ये तज्ज्ञांच्या समितीने ओडॅपचे प्रमाण कमी असलेल्या रतन, प्रतीक आणि महातिवडा या वाणांना अनुकूलता दर्शवली, हेही होते. डाळ भरपूर पाण्यात भिजवून, उकळून ते पाणी ओतून टाकायचे, हेही ताईंनी बजावले होते. पूर्व विदर्भातल्या गरीब माणसाची डाळ दिल्लीत बसून बंद केली, हे त्यांचे वाक्य चांगलेच राजकीय होते. परंतु ते मला पटो वा न पटो, ते तोलायला लागणारी सगळी सामग्री त्यांनी माझ्यासमोर मांडली होती. मी असहमत होऊनही वडे करू शकत होते. आणि केलेही, कारण माझे माहेर भंडाऱ्याचे आहे.

तांडापेठकर दादांच्या सावजीचेही तसेच आहे. हातमाग आणि प्रमाणपत्र त्यांच्या घरातले आहे, ते त्यांनी सांगितलेच पाहिजे आणि मी ते वाचीन. प्रभागातल्या चार मतांचा तिळाशी मात्र संक्रांत आणि मतदान लागोपाठच्या दिवशी आले, यापलीकडे काही संबंध नव्हता.

जुना धरमपेठकर

नुसती वाचक यांचे म्हणणे माझ्या म्हणण्यापेक्षा नेमके आहे. मी जागेचा विचार केला, त्यांनी विश्वासाचा केला. तरी एक शंका उरते. ज्याला ज्या विषयातले कळते त्याने त्याच विषयावर बोलावे, हा नियम काटेकोर लावला तर नागरिक म्हणून बोलायला जागा कोणती? मतदान हे तज्ज्ञतेवर चालत नाही. ताईंना पाकातले जितके कळते तितके प्रभागातले कळत नसेलही, पण त्या तिथे राहतात, तिथल्या गटारावरून रोज चालतात.

नुसती वाचक

काका, अगदी बरोबर, आणि म्हणून त्यांनी गटाराबद्दल लिहिले असते तर मला चालले असते. त्यांनी उमेदवाराबद्दल लिहिले.

तांडापेठकर

गटार आणि उमेदवार यांच्यातला हा फरक पाच वर्षे टिकतो, मतदानाच्या आठवड्यात तो टिकत नाही. पण असो. वाद वाढवत नाही.

सांबारवडी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तांडापेठकर दादांनी विचारले की चारही मतांचा हिशेब का मांडला. प्रामाणिकपणे सांगायचे तर, मी कोणाच्या गोटातली नाही हे दाखवण्यासाठी मांडला. तीन इकडे, एक तिकडे, म्हणजे पाहा, मी विचार करून मत देते, असे मला सुचवायचे होते. त्यात वाचकांना माहिती देण्यापेक्षा स्वतःची प्रतिमा जपण्याचा भाग जास्त होता, हे तुमचे प्रश्न वाचताना लक्षात आले. आणि तो हेतूही साधला नाही, कारण त्या प्रचारचित्रे पाठवणाऱ्या गृहस्थांनी पहिल्या नावापाशीच वाचन थांबवले.

तो परिच्छेद मी काढून टाकणार नाही. लिहिले ते लिहिले, आणि आता पुसले तर ज्यांनी आक्षेप घेतला त्यांचे आक्षेप हवेत लोंबकळतील. मात्र त्याखाली, हे 12 जानेवारी 2026 रोजी लिहिले होते आणि पुढे पाककृतींच्या लेखात उमेदवारांची नावे येणार नाहीत, अशी ओळ जोडली आहे. मुद्दे येतील. कळमन्याच्या बाजारात संत्र्याला भाव का मिळत नाही, याविषयी संत्राबर्फीच्या लेखात लिहायचे माझ्या मनात बरेच दिवसांपासून आहे. बांगलादेशाने संत्र्यावरचे आयात शुल्क वाढवत नेल्यामुळे आपल्या बागायतदारांवर काय ओढवले, हे सांगताना सरकारने काय करायला हवे होते हेही मी सांगणार, आणि त्यावर कोणी रागावले तर त्या रागाला उत्तर द्यायला माझ्याकडे काही असेल.

पुण्याच्या भगिनींना वेगळे पत्र पाठवले आहे. त्यात माफी मागितलेली नाही, कारण मला ती खोटी वाटली असती. होळी जवळ येत आहे, या वेळी चण्याची डाळ लवकर शिजत नाही अशी तक्रार आमच्याकडे सर्वत्र आहे, तुमच्याकडे कसे आहे, एवढेच विचारले आहे. अजून उत्तर आलेले नाही.

तांडापेठकर दादा, एक विनंती आहे. जुन्या सावजी स्वयंपाकात जवसाचे तेल वापरत असत हे मला ठाऊक आहे, पण ते आधी किती तापवायचे, म्हणजे त्याचा उग्र वास जाईल, हे मला कोणीही नीट सांगू शकलेले नाही. तुमच्या घरी मोठ्यांपैकी कोणाला आठवत असेल तर विचाराल का? आणि माग कधी व कसा बंद पडला, हेही त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवलेत तर मी दोन्ही गोष्टी एकाच लेखात, तुमच्या नावाने छापीन.

तांडापेठकर

आईला विचारले. ती म्हणते, धूर दिसेपर्यंत तापवायचे, मग खाली उतरवून त्यात पोळीचा एक तुकडा टाकायचा आणि तो काळपट झाला की काढून टाकायचा. मागाचे ती सांगायला तयार आहे, पण फोनवर नाही. रविवारी या.